उलटं विरजण

पाषाणच्या तळघरातली प्रयोगशाळा,
रात्रीचे अडीच.
हीलियमच्या टाकीशेजारी ढमढेरे खुर्चीत,
मफलर कानांवरून, डोळे मिटलेले.
झोपलेलो नाही, असं ते म्हणतात.

स्फटिक नखाच्या कातरणाएवढा.
बेरियम, लोखंड, आर्सेनिक;
अभ्रकासारखा पापुद्रा सुटतो त्याचा.
रौफभाई तांबोळींनी क्वार्ट्झची नळी बंद केली होती
ज्योतीत फिरवत, श्वास रोखून,
"विष आहे ना यात? मग नीट झोपू दे त्याला."
भट्टीत आठवडाभर झोपला तो.

शुद्ध नमुना मी दिवाळीआधी मोजला.
एकशे अडतीस केल्विन. तिथे तो मोडतो,
म्हणजे मोडत नाही:
चौरसाची एक बाजू जराशी लांबते, दुसरी आखडते,
शंभरात एका भागाहूनही कमी,
आणि आलेखाला कोपर येतं.
भिंगाखाली पट्टे, इकडे झुकलेले, तिकडे झुकलेले,
बोलणं टाकलेल्या जावांसारखे
एकाच ओट्याशी.

मग कोबाल्ट. शंभर लोखंडांमागे तीन.
कोपर शंभरीपर्यंत खाली सरकलं
आणि एकाची दोन झाली.
आईला फोनवर सांगितलं, विरजणासारखंच गं,
चमचाभर पुरतं.
"विरजणाने दही लागतं. तुझं काय लागलं?"
माझं उलटं विरजण, आई.
हे घातलं की लागत नाही.

आज शंभरात सात.
एकशे अडतीस गेलं. शंभर गेलं.
साठ.
चाळीस.
रेघेला कुठेच कोपर नाही. चौरस चौरसच.
चहा गार झाला, वर साय धरली,
आणि तेवीसवर आकडे कोसळले,
शून्याच्या अलीकडे पलीकडे थरथरत राहिले.

तार सुटली, मी मोठ्याने म्हणाले.
चांदीचा लेप नीट वाळला नसणार,
घाई केली, नेहमीसारखी.
ढमढेरे, डोळे न उघडता:
"गरम करून बघा."
चोवीस. पंचवीस. आकडे परत आले,
हजेरीला उशिरा पोचलेल्या पोरांसारखे, सगळे.
पुन्हा थंड केलं. पुन्हा शून्य.
तार शाबूत होती.

वहीत लिहिलं: नमुना सात. वाकला नाही.
खाली वेळ, तीन पन्नास.
ढमढेऱ्यांनी उठून टाकीचा काटा पाहिला.
"चार तास पुरेल अजून. पाचवाला राहिलाय ना?"
राहिलाय.
तो वाकतोही म्हणे, आणि शून्यही होतो.
"दोन्ही?"
दोन्ही.
त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला.
"लावा मग."