साठ किलो

शनिवारी चार वाजता कुमसार.
दोनपासूनच मला नंदगडला पोचायचं नव्हतं.

पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं यादी केली:
दोन रविवार मिस्सा चुकवली, एकदा झोपेनं, एकदा कंटाळ्यानं.
लूर्दिनवर ओरडलो, आमटीत मीठ जास्त म्हणून.
मीठ जास्त नव्हतं.
उपवासकाळातल्या शुक्रवारी मेव्हण्याकडे मटण.
भावाचा नवा ट्रॅक्टर पाहून घशाशी आलेलं काहीतरी,
त्याला मत्सर म्हणावं की पित्त, ठरेना.

यादी बरी दिसत होती.
एखाद्या सभ्य माणसाची वाटावी अशी.

सिस्टर पेत्रोनिला शिकवायच्या:
लहान पाप म्हणजे कपड्यावरची धूळ,
मोठं पाप म्हणजे...
आणि त्या वर्गातला दिवा विझवायच्या. भरदुपारी.
खिडकीतून ऊन तसंच यायचं, आम्ही हसायचो.
मग त्या तीन बोटं वर करायच्या:
गोष्ट भारी होती का?
तुला ठाऊक होतं का?
आणि तरी, स्वतःच्या मर्जीनं?

पावती उलटली.
भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ.
दिवसाला दोनशे वेळा मी हे छापतो
उसाच्या काट्यावर बसून.

गोष्ट भारी होती का?
गाडीमागे साठ किलो. साहेब म्हणाले, कुणाला कळतंय.
ठाऊक होतं का?
बटण टेबलाखाली आहे. गुडघ्याला लागतं.
मर्जीनं?

इथं मी बराच वेळ अडलो.
नोकरी, म्हणालो. घराचा हप्ता, म्हणालो.
मग बसव्वा आठवली, बैलगाडी घेऊन एकटीच येणारी,
"एष्टात री अण्णा?" म्हणत पावती उलटी धरणारी.
त्या दिवशी साहेब धारवाडला होते.
कुणी काही सांगितलेलं नव्हतं.
गुडघा आपोआप हलला.

आपोआप.

काल रात्री गेट लागल्यावर
बटणाला खापरीचा तुकडा अडकवला
आणि बाहेर जाऊन काट्यावर उभा राहिलो.
दवाखान्यात मी सत्तर भरतो.
वर लाल आकड्यांत आलं: दहा.
तांदळाच्या पिशवीएवढा मी.
बैलांच्या शेणावर, उसाच्या पाचटावर उभा.
राहिलेला कुणाच्या निव्वळात गेला?

बेळगावला कॅम्पात जायचं खरं तर ठरलं होतं.
तिथं ओळखीचं कुणी नाही, फादर तरुण, उरकतं लवकर.
नंदगडचे फादर कायतान बहिरे.
जाळीशी कुजबुजलं की मोठ्यानं विचारतात,
काय? किती?
बाकावरच्या सगळ्यांना पाप ऐकू जातं.

खानापूरच्या स्टँडवर बेळगावची बस उभी होती,
खिडकीची जागाही रिकामी.
ती सुटेपर्यंत मी शेंगा खाल्ल्या.

आता बाकावर आहे. पुढे तिघं.
खिशात रजिस्टरमधून उतरवलेली नावं,
ती सगळी आज होणार नाहीत.
आधी एकटीचं करू:
बसव्वा, सतरा खेपा.
सतरा गुणिले साठ. पेन्सिल बोथट झालीय,
हातचे चार विसरलो, परत मांडलं.
एक हजार वीस.
एक टन, आणि वर वीस.

आमटीची ओळ खोडली नाही.
ती फक्त आता फार लहान दिसते
त्या आकड्याच्या बाजूला.

दोघं राहिले.
घसा खाकरून पाहिला,
एवढ्या मोठ्यानं ऐकू जाईल का.