मोजा

छातीवरचे केस पाच ठिकाणी भादरलेले,
तिथे चिकटवलेल्या बटणांतून निघालेल्या वायरी
कमरेच्या डबीत.
रुवीतल्या दवाखान्याच्या तळमजल्यावर
मी पट्ट्यावर चालतोय
आणि खिडकीतला तपकिरी डोंगर
एक इंचही जवळ येत नाही.

मारिसेल विचारते, किती दम लागला?
सहा ते वीस, एक आकडा सांगा.
सहापासूनच का, हे पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं,
आता लाज वाटते.
मी म्हणतो, अकरा.
रोज अकराच म्हणतो.
खोटं बोलायचा हात बसलाय.
देवरुखला अजून एवढंच ठाऊक आहे
की मला ॲसिडिटी झाली होती.
त्यावर कुंदाने कोकमाचं आगळ पाठवलं,
सुट्टीवरून परतणाऱ्या मुकादमांबरोबर, दोन बाटल्या.
मारिसेलने बोटावर थेंब घेऊन चाखला.
मीठ, ती म्हणाली. नो.

बावीस वर्षं टॉवर क्रेनवर काढली.
केबिनच्या काचेशेजारी तक्ता असायचा:
दांडीवर जितकं लांब जाल
तितकं वजन कमी पेलतं.
बुडाशी चार टन, टोकाला जेमतेम एक.
त्यापुढे भोंगा वाजतो, तार जागच्या जागी थांबते.
सळयांचा भारा नुसत्या डोळ्यांनी तोलायचो मी,
अंदाज पन्नास किलोंनीही चुकायचा नाही.
या मुठीएवढ्या यंत्राला मात्र
कुणी तक्ता लावला नव्हता.
किंवा लावला असेल,
वाचायला खाली उतरलो नाही.

शेजारच्या पट्ट्यावर खमीस.
वय एकाहत्तर, गळ्याखालून उभा व्रण,
शिडाला घातलेल्या टाक्यासारखा.
पावलं टाकताना पुटपुटतो:
मोजा, म्बिली, तातू.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलोच.
हा ओमानी म्हातारा मला मराठीत का सांगतोय,
मोजा?
मोडक्या हिंदीत म्हणाला, मोजा म्हणजे एक.
झांझिबारची भाषा. आई तिथे वारली.
मी म्हटलं, आमच्यात मोजा हा आकडा नाही,
हुकूम आहे.
तो इतका हसला
की त्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ उसळली
आणि मारिसेल दोघांवर ओरडली.

छत्तीस वेळा यायला सांगितलं होतं.
कंपनीच्या विम्याने बारा मानले.
बाराव्या दिवशी सहा मिनिटांत चारशे दहा मीटर चाललो
आणि हातात कागद मिळाला:
जमिनीवरचं काम चालेल, उंचीवरचं नाही.
सध्या गोदामात बसतो, नटबोल्टांची नोंद करतो.
वर माझ्या केबिनमध्ये कुणी बिहारी पोरगा आहे.
दांडी फिरली की सावली अंगावरून जाते,
मी वर बघायचं टाळतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला खमीस गाडी घेऊन येतो.
बाहेर त्रेचाळीस, रस्ता तापून पांढरा.
म्हणून मॉलमध्ये चालतो आम्ही.
दुकानांची शटरं खाली,
सरकते जिने अजून थांबलेले,
फरशी पुसणारा नेपाळी आम्हाला वाट देतो.
एका फेरीला मोजा,
दुसरीला म्बिली.

चौथ्या फेरीत देवरुखला फोन लावला.
का, ते सांगता येणार नाही. लावला.
कुंदा म्हणाली, धापा का टाकताय?
मग उभं न राहता सगळं सांगितलं:
ती रात्र, ॲम्ब्युलन्स, मांडीतून वर सरकवलेली नळी,
आत बसवलेल्या दोन जाळ्या, विम्याचे बारा दिवस.
ती गप्प.
मग म्हणाली, आत्ता किती दम लागतोय?
चौदा, म्हटलं. पहिल्यांदाच खरा आकडा.
चौदा म्हणजे? कितीपैकी?

खमीस वळणापाशी थांबला होता,
भिंतीला हात टेकून, चार बोटं वर करून.

आणि ते आगळ, ती म्हणाली,
आवाज जरा फाटलेला,
ते मग कुणी प्यायलं?