भराव

रामबागेतल्या दवाखान्यात
तोंड उघडं टाकून पडलोय.
टेंबे डॉक्टर चाळीस वर्षांपूर्वीची चांदी
कणाकणाने उकरतायत.
चांदी नावाला, म्हणाले.
कथील, तांबं, आणि निम्मा पारा.

नळी धरून उभी तारिका.
सोमवारी नर्सिंगचा पेपर, म्हणून पुटपुटते:
मोठ्या माणसात हाडं दोनशे सहा.
"सर, दात यात धरायचे?"
"नाही गं. हाड मोडलं तर जुळतं.
दाताचं तसं नाही, म्हणून तर हे भरणं."

"और जीभ?"

जिभेला हाड नसतं,
हे मला कुणी शिकवायला नको.
चांदी भरली त्याच हिवाळ्यात
सराफ्यात, गराडूच्या कढईपुढे, चार लोकांत
मी अच्युतला म्हणालो होतो,
घरात तुझं आहे काय?
भरावाचे चाळीस रुपये त्यानेच दिले होते, तरी.
तेव्हापासून तो दात धरून आहे.
किंवा मी.

डॉक्टर सांगतायत:
गळ्यात एक हाड असतं, नालासारखं,
दुसऱ्या कुठल्याच हाडाला न टेकणारं.
जिभेचं मूळ त्याच्यावर.
मी आवंढा गिळला.
काहीतरी वर सरकलं, खाली आलं.

निळा उजेड. वीस सेकंद.
तबकातली काळी कणी तारिकाने
वेगळ्या बाटलीत टाकली, झाकण घट्ट लावलं.

जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते.
पांढरं म्हणे. गुळगुळीत, पाहुण्यासारखं.
बधिरपणा जाईपर्यंत चावायचं नाही,
बोलायला हरकत नाही.

ओठ अजून जड आहे,
फोनवर नीट बोलता यायचं नाही,
असं मी पैसे देताना तारिकाला सांगितलं.
तिने विचारलं नव्हतं.