परीक्षक क्रमांक दोन यांस

महोदय,
स. न. वि. वि.
महोदय हे अंदाजानं लिहिलं.
तुम्ही नाव झाकून बसता, मी बसू शकत नाही,
माझं पहिल्याच पानावर छापलेलं होतं.

तुमचा अभिप्राय मार्गशीर्षात पोचला.
आई तुरीच्या शेंगा सोलत होती,
तिला मराठी करून वाचून दाखवू लागले:
"नर मगर पिलं तोंडात धरून पाण्यात नेतो,
हे निरीक्षण..."
आईनं तिथंच अडवलं.
मगर नेतो? मगर नेते.
अगं, नर आहे तो.
असेना. मगर ती मगर.

खरंच की.
आमच्या भाषेनं अख्खी जात
बाईच्या नावावर करून ठेवली आहे,
सातबाऱ्यावर असावी तशी, नरांसकट.
आणि शास्त्रज्ञ म्हटलं
की क्रियापद आपोआप मिशी लावून येतं.

पुढचं वाक्य मी आईला वाचलं नाही.
"निरीक्षण भावुक वाटते. लेखिकेने ते
एखाद्या अनुभवी पुरुष सहकाऱ्याकडून पडताळून घ्यावे,
शक्य तर त्यास सहलेखक करावे."

तर पुरुष सहकाऱ्याविषयी.
विश्वामित्रीच्या काठी, भीमनाथ पुलापासून खाली,
जिथं शहर आपलं सांडपाणी सोडतं आणि पाठ फिरवतं,
तिथं मी अठरा रात्री बसले.
बॅटरीवर लाल कागद, सलवारीत बाभळीचे काटे,
वर पुलावरून सेव-उसळ खाऊन परतणारी माणसं.
बॅटरी धरायला वनखात्याचे गंभीरसिंह पढियार.
वय छप्पन्न. नोकरी एकतीस वर्षं.
अनुभवी. पुरुष.
पहिल्या रात्री म्हणाले, बेन, घरे जाओ.
सहाव्या रात्रीपासून दोघांचा चहा आणू लागले.

तुमचं पत्र आल्यावर मी त्यांना विचारलं,
काका, सहलेखक होता का?
ते आधी हसले, मग ओशाळले.
"बेन, मारी तो आंखो बंध हती.
मला वाटलं, खातोय पिलांना.
जोयुं तो तमे."

महोदय, पडताळणी झाली ती एवढी.

आमच्याच विभागातले दिघे
त्यांनी दोनदा मगरीला बकरी ओढताना पाहिलं.
तुमच्याच नियतकालिकानं छापलं.
'धाडसी निरीक्षण' असं वर संपादकीयात आलं.
दिघे भला माणूस आहे, त्यानं पेढे वाटले, मी दोन खाल्ले.
मी अकरा वेळा पाहिलं.
वाळूतून अंड्यातला आवाज आला,
तो प्रचंड देह चढून वर आला,
आणि जबडा उघडून थांबला,
दार उघडून कुणी पाहुण्यांसाठी थांबावं तसा.

ही उपमा मी लेखात वापरलेली नाही.
तुम्ही तपासून पाहा, लेखात एकही उपमा नाही.
लेखात वेळ आहे, पाण्याचं तापमान आहे,
पिलांची मोजणी आहे.
भावुक तुम्हाला नेमकं कुठं दिसलं,
ओळ क्रमांक कळवावा.

साठाच्या वर दात. ओठ नाहीत.
त्यातून मूठभर वजनाचं पिलू
ओरखडा न उठता पाण्यापर्यंत जातं.
याला मी माया म्हटलं नाही.
दाब म्हटलं. तो तक्ता तीनमध्ये आहे.

सुधारित प्रत सोबत जोडली आहे.
दोन स्वल्पविराम बदलले, ते तुमचं बरोबर होतं.
लेखक एकच.
गेल्या वेळी एका मैत्रिणीनं सुचवलं होतं,
नुसतं आद्याक्षर टाक, वाट सोपी होते.
टाकलं नाही. यंदाही नाही.

कळावे.
लोभ नसला तरी चालेल.

विभावरी आनंदराव खानविलकर
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. गंभीरसिंहांचं नाव आभारात आहे.
डोळे मिटल्याबद्दल नव्हे.
मिटलेल्या डोळ्यांनीही
बॅटरी हलू दिली नाही, त्याबद्दल.