तीन नंबर

विल्फ्रेड सटक्लिफ दार वाजवतो तेव्हा
त्याच्या हातात चष्म्याची डबी असते, आणि डबीत
कापसावर निजवलेलं शंटिंगचं इंजिन,
माझ्या करंगळीएवढं.

टॉडमॉर्डनमध्ये बत्तीस वर्षं मी दात कोरले.
त्यातले सात त्याचेच.
आता दवाखाना दुसऱ्याचा, पण डोळ्याचं भिंग माझ्याकडे आहे,
दोन-चार बारीक बर आहेत,
आणि हात अजून थरथरत नाही.
त्याचा थरथरतो. त्यावर आम्ही बोलत नाही.

टोपण काढलं. आत जागा म्हणाल तर
तीळ ठेवायची पंचाईत.
डिकोडर बसवायचा तर वजनाचा धातू कोरायलाच हवा.
"किती?"
"अक्कलदाढेइतका."
फार कोरला तर चढावर चाकं जागच्या जागी फिरणार,
कमी कोरला तर टोपण बसणार नाही.
बर लावताना जुन्या सवयीने म्हणते,
दुखलं तर हात वर करा.
विल्फ्रेड हात वर करतो.

लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या,
नारिंगी आणि करडी मोटारीची.
मोटार आणि सांगाडा यांची सोयरीक तोडायची,
मध्ये पिवळट चिकटपट्टी.
तांब्याचा एक धागा जरी शिवला
तरी सगळ्या दुपारचा धूर,
आणि तो धूर, विल्फ्रेड सांगतो, अठ्ठावीस पौंडांचा.
बाहेर कालव्याच्या पाण्यावर
चार वाजताचा अंधार.

बाजारातून येतो तो प्रत्येक डिकोडर
तीन या नंबरालाच ओ देतो.
याने घरी बसवलेली पाचही इंजिनं तीन.
बटण फिरवलं की पाचही निघायची
शाळा सुटल्यासारखी,
आणि बोगद्यात एकमेकांवर.

गेल्या महिन्यात त्यांची बारशी केली.
हातभर चाचणीच्या रुळावर एकेकाला घ्यायचं,
बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असा
त्याचा आकडा त्यालाच सांगायचा.
माझ्या तोंडून निघूनच गेलं: कुर्रर्र.
"काय म्हणालीस?"
"आत्याचं काम असतं ते."
आकड्याला पत्ता म्हणतात, हे कळल्यावर त्याने
आपल्या राहत्या घरांचे नंबर दिले.
चौदा. एकवीस. अडतीस. लग्नानंतरचं नऊ.
आणि एक, ज्याचं घर कुठलं ते सांगितलं नाही.

"मग याला काय ठेवायचं?"

तो बराच वेळ भिंगातून माझ्याऐवजी टेबलाकडे बघतो.
"याला तीनच राहू दे, डॉक.
आज सकाळी चौदा मला सापडला नाही.
वहीत होता. वही कुठे होती ते—"

मी टोपण दाबते. बारीकसं टक.
तीन. पहिली पायरी.
इंजिन दचकतं, थांबतं, मग हळूहळू
हातभर रुळाच्या टोकापर्यंत जातं
आणि दिवा लावून माघारी येतं.

विल्फ्रेड रिकामी डबी उघडी धरून बसलेला.
चष्मा कुठे आहे
ते मी विचारत नाही.