शंभर की दोनशे

नौपाड्यातल्या दुकानात पोराने विचारलं,
माणसं किती?
माणशी पन्नास लिटर धरा, काकी, आणि सांगा.

मी म्हटलं, आधी काच दाखव.
त्याने नळी काढली. काचेत काच, मध्ये पोकळी.
थर्मास समजा, म्हणाला.
थर्मास मला सांगू नकोस रे,
बावीस वर्षं लसी वाहिल्यात मी त्यातून
येऊरच्या पाड्यांवर, पायी.

आमच्याकडे माकडं आहेत.
उंबरावर भांडण जुंपलं की निकाल कौलांवर लागतो.
जाळी मिळेल, म्हणाला. जाळीचे वेगळे.

मग दुसरा दाखवला, तांब्याचा, सपाट,
शाळेच्या पाटीसारखा काळा, वर जाड काच.
माकडांचं लग्न लागलं तरी तडकणार नाही.
पण पाणी आमचं बोअरचं,
कळशीच्या बुडाला पांढरी खपली धरणारं.
मग पाच वर्षांत बुजेल, काकी, हा नकोच,
असं तो स्वतःच म्हणाला
आणि महागडा डबा मागे सारला.
तिथून पुढे मी त्याचं ऐकू लागले.

लाइट किती वेळ जाते तुमच्याकडे?
येतच नाही.
शेवटचा खांब आमच्या दीड किलोमीटर अलीकडे थांबलाय.
त्या खांबाचा नंबर ह्यांना पाठ होता.
बोर्डात लाइनमन. अर्ध्या ठाण्याचे दिवे लावले
आणि रिटायर होऊन अंधारात घर बांधलं,
हौसेने.

मग पंप नको, म्हणाला, गरम पाणी आपोआप वर चढतं.
ऊन पाणी, मी म्हटलं. आमच्यात ऊन म्हणतात.
तो जरा थांबला, छताकडे बघून हसला.

वही उघडली. ह्यांनी सगळं काढून ठेवलेलं, पेन्सिलीने:
नळ्या दक्षिणेला, टाकी त्यांच्या वर,
गार पाण्याचं पिंप त्याहून हातभर उंच,
बाण, मापं,
डिसेंबरात चिंचेची सावली तीन वाजता कुठवर येते तेसुद्धा.
फक्त कोपऱ्यात, "लिटर" लिहून पुढे, काही नाही.
कागद उजेडाला धरला तर ठसा दिसतो:
दोनशे. त्यावर शंभर.
मग तेही खोडलेलं, इतकं
की तिथे कागद झिजून पातळ झालाय.

पावसाळ्यात बंब लागेलच, तो सांगत होता,
आठ महिन्यांची हमी माझी, चार महिने ढगांची.
बंब आहे.
राख मीच काढते आता.

बरं मग, माणसं?

एक, मी म्हटलं.

त्याने पेन टेकवलं नाही.
शंभराच्या खाली कंपनी बनवतच नाही, काकी.

मग शंभर लिही. जाळीसकट.
आणि उरलेल्या पन्नासाचं काय होतं?

काही नाही होत.
राहतं तसंच, ऊन,
तो म्हणाला. पहाटे हात लावून बघा.