पान तीन, उजवा कोपरा

बार्लोच्या मैदानाला पुन्हा तडा गेलाय.
पान तीन, उजवा कोपरा, फोटोसकट:
कललेला गोलपोस्ट, शेजारी कमरेवर हात ठेवून नगरसेविका,
जणू तिनेच त्याला रंगेहाथ पकडलंय.

व्हेरा झामित कात्री शोधते.
ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, मंगळवारी दहा ते बारा,
ती या उपनगराचा इतिहास सांभाळते,
म्हणजे चौदा खोकी, एक पंखा आणि किल्ली.

तिचा बाप माल्टाहून बोटीनं आला
आणि थेट या खड्ड्यात उतरला, विटांची माती खणायला.
मेलबर्नची निम्मी धुराडी आमच्या खड्ड्यातून उगवलीत,
असं तो म्हणायचा. जरा वाढवूनच.

भट्टी विझली. मग कचऱ्याचे ट्रक:
गाद्या, फ्रिज, चर्चची फुटकी बाजाची पेटी,
आणि एका रात्री कुणाचीशी हिरवी होल्डन,
जिचा विषय अजून कुणी काढत नाही.
वर माती. मातीवर गवत. गवतावर शनिवारची पोरं.

पहिल्या खोक्यात, सगळ्यात तळाशी, मोजणीदाराची वही.
ओढ्यापाशी त्यानं लिहिलंय:
'इथल्या बाईला नाव विचारले. तिने दोनदा सांगितले.'
पुढे कोरी जागा. मग मोजमापं.

गुरुवारी बारा ट्रक भराव येणार,
दहा वर्षांखालच्यांचा सामना दुसरीकडे.
बारा वाजता व्हेरा खोलीला कुलूप लावते,
पिवळी फीत उचलून आत शिरते,
गुडघे कुरकुरतात तरी वाकते,
कडेची माती नखावर घेऊन मला दाखवते:
"बघ. निळीच आहे."